गाडीचं ॲव्हरेज ऑफिसात ठरतं: नव्या ट्रान्सपोर्टवाल्यांसाठी डिझेलचा हिशोब

दोन-चार गाड्या घेऊन नुकताच ट्रान्सपोर्टमध्ये उतरलेल्या माणसाला विचारा, डिझेल एवढं का लागतंय? उत्तर ठरलेलं असतं: "ड्रायव्हर खातो." काही खातात, नाही असं नाही, त्यावर पुढे येतोच. पण महिन्याच्या पावत्या मांडून बसलं की कळतं, बरंचसं डिझेल ड्रायव्हर केबिनमध्ये चढायच्या आधीच ठरून गेलेलं असतं. कुठलं भाडं घेतलं, गाडी किती वाजता सोडली, परतीचं काय केलं, कुठल्या रस्त्याने पाठवली, सर्व्हिसिंग किती दिवस पुढे ढकललं, हे सगळं मालक ठरवतो. म्हणून हे लिखाण मालकासाठी आणि त्याच्या ऑफिसात हिशोब ठेवणाऱ्यासाठी आहे. उदाहरणं दहा टायर गाडीची घेतली आहेत. आयशर असो की ट्रेलर, पद्धत तीच, आकडे बदलतील.

गणित सोपं राहावं म्हणून सगळीकडे डिझेल ९० रुपये लिटर धरलंय. तुमच्या पंपावरचा आजचा दर घालून तेच गणित पुन्हा करा.

आणि एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. डिझेल जीएसटीत येत नाही, त्यावर राज्याचा व्हॅट आणि केंद्राची एक्साइज लागते. टायर-स्पेअरवर भरलेला कर तुमच्या नोंदणीच्या प्रकारानुसार कदाचित परत वळवता येईल, डिझेलवरचा रुपयाही वळवता येत नाही. जे टाकीत गेलं तो पूर्ण खर्च.

पायरी १: फुल टू फुल मोजा, बाकी सगळं नंतर

"माझी गाडी चारचं देते" (लिटरला चार किलोमीटर) असं छातीठोक सांगणाऱ्या दहा मालकांपैकी बहुतेकांनी ते मोजलेलं नसतं. शोरूमवाल्याने सांगितलेलं असतं, किंवा जुन्या ड्रायव्हरने. मोजायची पद्धत एकच खात्रीची आहे: टाकी फुल करा, किलोमीटर लिहा, गाडी फिरवा, वाटेत टाकलेलं प्रत्येक लिटर लिहा आणि परत आल्यावर पुन्हा टाकी फुल करा. मधलं आणि शेवटचं डिझेल मिळून जे झालं ते लागलेलं डिझेल. सुरुवातीला भरलेलं त्यात धरायचं नाही. ही चूक नव्या हिशोबनीसाच्या वहीत हमखास सापडते.

फुल म्हणजे काय, हेही ठरवून घ्या. पंपावर नोझल आपोआप बंद पडतं तेव्हा वर फेस असतो. तो बसू दिला की अजून काही लिटर मावतात. म्हणून शक्यतो तोच पंप, तीच बाजू, गाडी सपाट जागी उभी आणि फेस बसल्यावर गळ्यापर्यंत. दर वेळी वेगळी पद्धत वापरली तर पाच-सात लिटरचा खोटा फरक पडतो आणि त्यावरून घरात भांडणं लागतात.

वहीतली एक ओळ कशी दिसावी ते बघा. गाडी नंबर दोन, पुणे–नागपूर–पुणे. निघताना मीटर १,८४,३२०, परत आल्यावर १,८५,७७२. रनिंग १,४५२ किलोमीटर. डिझेल ९० + १२० + ९८ म्हणजे ३०८ लिटर. ॲव्हरेज ४.७१. ही ओळ प्रत्येक फेरीला, प्रत्येक गाडीला. पुढे दोन रकाने हवेतच: जाताना वजन किती होतं आणि येताना गाडी भरली होती की खाली, म्हणजे रिकामी. हे दोन रकाने नसतील तर ४.७१ या आकड्याला काही अर्थ नाही.

मीटर एकदा जीपीएसशी ताडून बघा. टायर झिजले, रिमोल्ड (जुन्या टायरवर नवा थर चढवलेले) बसवले किंवा साइज बदलली की मीटर थोडं पुढे-मागे पळतं. फरक किती टक्के आहे ते एकदा कळलं की पुरे, रोज डोकं लावायची गरज नाही.

पायरी २: भरलेलं ॲव्हरेज वेगळं, खालीचं वेगळं

दहा टायर गाडीचं एकूण परवानगीचं वजन २०१८ च्या जुलैपासून २८.५ टन आहे. आधी ते २५ होतं. पूर्ण भरलेली अशी गाडी सपाट हायवेला साधारण साडेतीन ते साडेचार देते, खाली साडेपाच-सहाच्या आसपास. तुमचा आकडा तुमच्या गाडीचा असेल, तो वहीतून येईल.

वेगळं काढायची युक्ती सोपी आहे. नागपूरला माल उतरला की खाली निघण्याआधी तिथेच टाकी फुल करायला सांगा. जातानाचं डिझेल तिथे कळलं, येतानाचं पुण्यात कळेल. तीन-चार फेऱ्यांत त्या गाडीचा त्या रस्त्यावरचा पाया, म्हणजे ताडून बघायचं नेहमीचं ॲव्हरेज, तयार होतो.

रस्त्यांचेही गट पाडा, पण फार बारीक नको. सपाट, घाटाचा आणि शहरातला, एवढे तीन पुरतात. खंबाटकी चढून साताऱ्याकडे जाणारी गाडी आणि सोलापूर रोडला सरळ पळणारी गाडी एकाच मापाने मोजणं म्हणजे ड्रायव्हरवर अन्याय. कोकणात उतरणारी गाडी तर तिसरंच प्रकरण.

आता वरची ओळ पुन्हा बघा. जाताना ७२६ किलोमीटर भरलेली, चारने धरलं तर १८१ लिटर. येताना खाली, सहाने धरलं तर १२१. अंदाज ३०२, लागलं ३०८. फरक सहा लिटर, म्हणजे दोन टक्के. यासाठी ड्रायव्हरला फोन करू नका. वारा, ट्रॅफिक, एखादं वळण चुकणं, फेसाचे दोन लिटर, यातच तो जिरतो. पाच-सहा टक्क्यांचा फरक लागोपाठ दोन-तीन फेऱ्यांत दिसला तर विचारा, आणि विचारायचं आधी मेकॅनिकला, मग ड्रायव्हरला.

पायरी ३: महिन्याचं बजेट आणि रोख पैसा

पाया तयार झाला की बजेट म्हणजे नुसता गुणाकार. गाडीवार भरलेले किलोमीटर, खालीचे किलोमीटर, आपापल्या ॲव्हरेजने भागा, वर चार-पाच टक्के जादा ठेवा. पावसाळ्यात आणि सणासुदीच्या ट्रॅफिकमध्ये थोडं आणखी. साखरेचा गळीत हंगाम, लासलगावचा कांदा, दिवाळीआधीची धावपळ, हे तुमच्या भागाला कधी लागू होतं ते कॅलेंडरवर मांडा, कारण त्या महिन्यांत रनिंग वाढतं आणि डिझेलला रोख जास्त लागते.

खरी अडचण तिथेच आहे. डिझेलचे पैसे आज द्यायचे, भाडं दोन महिन्यांनी यायचं. नवे लोक धंदा तोट्यात गेल्यामुळे बुडतात त्यापेक्षा या दरीत जास्त पडतात. पंपवाला उधारी देतो, पण त्याची किंमत कुठेतरी लावलेली असते: डिस्काउंट बंद, नाहीतर सरळ व्याज. ते व्याज प्रति लिटर किती पडतं ते काढून डिझेलच्या दरात मिळवा, म्हणजे खरा दर दिसेल. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून घ्या. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या पैशाला लेखी करार असला तरी कायद्याने ४५ दिवसांची कमाल मुदत आहे. मोठ्या कंपनीच्या अकाउंट्स खात्याशी बोलताना हा मुद्दा गोड शब्दांत पण मांडावा.

पायरी ४: परतीचं भाडं

इथे सगळ्यात जास्त पैसा आहे, म्हणून जरा थांबू. नागपूरहून खाली येताना १२० लिटर, म्हणजे १०,८०० रुपये रस्त्यावर ओतले गेले. महिन्यात अशा चार फेऱ्या झाल्या तर ४३ हजार. ड्रायव्हरने केलेली सगळी चोरी मिळवूनही एवढं होत नाही.

मग नागपुरात भाडं मिळेपर्यंत थांबावं का? इथे दोन टोकांची माणसं भेटतात. एक म्हणतो, "खाली गाडी हलवायची नाही म्हणजे नाही," आणि तीन-तीन दिवस ट्रान्सपोर्ट नगरात बसून राहतो. दुसरा म्हणतो, "एवढ्या कमी भाड्याला डिझेलही सुटत नाही," आणि खाली निघतो. दोघांनीही गणित केलेलं नसतं.

गाडी परत यायचीच आहे. त्यामुळे खालीचे १२० लिटर तुम्ही आधीच हरलात. माल भरला तर १८० लागतील, म्हणजे परतीच्या भाड्यावर पडणारा जादा बोजा ६० लिटरचा, ५,४०० रुपयांचा. टोल गाडीच्या वर्गावर लागतो, भरलेली की खाली याने काही फरक पडत नाही, म्हणून तो या हिशोबात येत नाही. टायरची झीज थोडी वाढते. बाकी खर्च बघा: एजंटचं कमिशन, वाराई (माल चढवण्या-उतरवण्याची हमाली), आणि सगळ्यात महत्त्वाचं, थांबण्याचा खर्च. गाडीचा हप्ता महिना ६० हजार असेल तर दिवसाला दोन हजार आणि ड्रायव्हरचा भत्ता समजा सातशे. म्हणजे उभी गाडी रोज २,७०० खाते.

समजा नागपूरजवळच्या बुटीबोरीतून पुण्याचा माल १६ हजारांत मिळतोय, पण एक दिवस थांबावं लागेल. डिझेल ५,४००, थांबणं २,७००, कमिशन हजार, वाराई दीड हजार. एकूण १०,६००. हातात राहिले ५,४००. जाण्याचं भाडं याच्या दुप्पट असलं तरी हे भाडं घ्यावं. पण तोच माल तिसऱ्या दिवशी भरणार असेल तर आणखी दोन दिवसांचे ५,४०० गेले आणि फायदा शून्यावर आला. चौथ्या दिवशी तोटा. मध्ये पुण्यात तुमचं पक्कं भाडं उभं असेल तर दुसऱ्याच दिवशी खाली निघणं शहाणपणाचं.

ही चिठ्ठी प्रत्येक नेहमीच्या रस्त्यासाठी लिहून ऑफिसच्या भिंतीला लावा: किमान किती भाडं, जास्तीत जास्त किती तास थांबायचं. मग नागपूरहून रात्री अकरा वाजता ड्रायव्हरचा फोन आला तरी निर्णय दोन मिनिटांत होतो. परतीचा माल गाडी तिथे पोचल्यावर शोधायचा नसतो, गाडी पुण्यातून निघतानाच दोन-तीन एजंटांना वेळ कळवायची असते. अकोला, अमरावती, वर्धा इथले एजंटही वहीत ठेवा. वाटेवरचा माल भरला तर खालीचं अंतर तेवढंच उरतं.

ओव्हरलोडने परतीचा तोटा भरून काढायचा मोह होतो. करू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात दंड २० हजार, वर जादा प्रत्येक टनाला दोन हजार, शिवाय जादा माल तिथेच उतरवायला लावतात. घाटात ब्रेकवर पडणारा भार तर वेगळाच.

पायरी ५: रस्ता आणि सुटण्याची वेळ

समृद्धी महामार्ग आल्यापासून विदर्भाच्या लाइनचं गणित बदललं. २०२२ च्या डिसेंबरमध्ये नागपूर–शिर्डी टप्पा सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये इगतपुरी–आमणे (भिवंडीजवळ) हा शेवटचा तुकडा खुला झाल्यावर ७०१ किलोमीटर पूर्ण झाले. भिवंडीच्या गाडीला आता कसारा घाट चढायची सक्ती नाही, बोगद्यातून निघून जाता येतं. पुण्याची गाडीही छत्रपती संभाजीनगरपर्यंत समृद्धीने येऊन पुढे अहिल्यानगरची वाट धरू शकते.

पण टोल जबरी आहे. म्हणून दोन्ही रस्त्यांनी एकेक फेरी करून कागद मांडा: टोल किती वाढला, डिझेल किती वाचलं, तास किती वाचले. डिझेलच्या बचतीतून टोल सहसा पूर्ण निघत नाही. बाकीचं तासांतून निघतं, आणि तास तेव्हाच पैसे देतात जेव्हा वाचलेल्या वेळेत गाडीला दुसरं भाडं असतं. गाडी लवकर येऊन यार्डात दोन दिवस उभी राहणार असेल तर जुना रस्ता काय वाईट? वेळेचा माल, फळं-भाजी, दंड लावणारी कंपनी असेल तर समृद्धी. टाकीचं गणित मात्र चढण्याआधीच करून घ्या, हा जुना हायवे नव्हे की दर दहा किलोमीटरला पंप.

मोकळा रस्ता मिळाला की पाय दाबला जातो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे साठवरून ऐंशीला गेलं की हवा जवळपास पावणेदोन पट ढकलावी लागते. उंच बॉडीची, फडफडत्या ताडपत्रीची गाडी असेल तर विचारूच नका. ६० ते ६५ ला धरून चालवली तर सातशे किलोमीटरला ऐंशीपेक्षा दोन-तीन तास जास्त जातात. माल सकाळी नऊलाच उतरणार असेल तर पहाटे चारला पोचून कंपनीच्या गेटबाहेर उभं राहण्यात काय मिळवलं?

सुटण्याची वेळ हे मालकाच्या हातातलं फुकटचं डिझेल आहे. मुंबई, ठाणे, पुणे इथे अवजड गाड्यांना ठरावीक वेळी बंदी असते. बंदीच्या तोंडावर पोचणारी गाडी एक तर उभी राहते, नाहीतर पहिल्या गिअरमध्ये रांगते. उलटं मोजा: शहरात शिरायची वेळ ठरवा, मग निघायची. गणपतीत मुंबई–गोवा महामार्गावर दरवर्षी अवजड वाहनांना बंदी जाहीर होते, तेव्हा कोकणचा माल आधीच सोडा. न्हावा शेवा बंदराच्या रांगेत गाडी लावायची असेल तर आतल्या माणसाला फोन करून रांगेचा अंदाज घेतल्याशिवाय ड्रायव्हरला हलवू नका.

पायरी ६: डिझेल कुठे आणि कसं भरायचं

डिझेलचे दर ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले आणि जून २०१७ पासून कागदावर रोज बदलू शकतात. राज्याराज्यात व्हॅट वेगळा, म्हणून सीमेवर टाकी कुठे भरायची हा जुना प्रश्न. कोल्हापूरकडची मंडळी वर्षानुवर्षं कोगनोळी ओलांडून कर्नाटकात टाकी फुल करत आली. पण कर्नाटकाने १ एप्रिल २०२५ पासून डिझेलवरचा विक्रीकर १८.४४ वरून २१.१७ टक्के केला आणि त्या सवयीतला बराच नफा आटला. मुंबई-ठाणे पट्ट्यातही जुलै २०२४ मध्ये व्हॅट २४ वरून २१ टक्क्यांवर आला. तेव्हा ऐकीव माहितीवर जाऊ नका, फेरी निघते त्या दिवशी दोन्हीकडचे दर मोबाइलवर बघा.

आणि स्वस्त पंपासाठी वाट वाकडी करण्याआधी: लिटरला एक रुपया कमी, २०० लिटर भरले, वाचले २००. त्यासाठी भरलेली गाडी दहा किलोमीटर फिरवली तर अडीच लिटर, २२५ रुपये गेले. झालं गणित.

पैसे ड्रायव्हरच्या हातात रोख देण्यापेक्षा फ्लीट कार्ड (तेल कंपनीचं डिझेल भरायचं कार्ड) घ्या. इंडियन ऑइलचं एक्स्ट्रापॉवर, भारत पेट्रोलियमचं स्मार्टफ्लीट, हिंदुस्थान पेट्रोलियमचं ड्राइव्हट्रॅक प्लस, तिन्हींचा मुख्य फायदा एकच: कुठली गाडी, कुठला पंप, किती वाजता, किती लिटर हे तुम्हाला थेट दिसतं. गाडीवार मर्यादा घालता येते. शंभर लिटरची पावती आणि टाकीत नव्वद, हा खेळ पंपाच्या माणसाशिवाय होत नाही. म्हणून तीन-चार पंप ठरवून टाका आणि पावतीवरची वेळ जीपीएसशी ताडून बघा. मापाची शंका आली तर पंपावर प्रमाणित पाच लिटरचं माप असतं, ते मागायचा ग्राहकाला हक्क आहे. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपेक्षा जास्त कमी भरलं तर वैधमापनशास्त्र विभागाकडे तक्रार करता येते.

हायवेला कुठल्यातरी शेडमागे दहा-पंधरा रुपये स्वस्त "बायोडिझेल" मिळतं म्हणून कोणी सांगेल. बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाडीत ते घालणं म्हणजे इंजेक्टरचं बिल आपल्या हाताने फाडणं, आणि वॉरंटीही गेली. युरियाचंही तसंच. एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक मोठ्या गाड्यांना डीईएफ, म्हणजे धूर स्वच्छ करणारं द्रव लागतं, ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि खनिजरहित पाणी. शंभर लिटर डिझेलमागे साधारण तीन ते सहा लिटर जातं, ते बजेटात वेगळं लिहा. शेतीचा युरिया बादलीत कालवून भरणारे महाभाग आहेत. नळ्या खड्यांनी तुंबतात, इंजिन ताकद कमी करतं आणि गाडी घाटात मुंगीसारखी चढते.

पायरी ७: गाडीची तब्येत

यादी लांबवत नाही, डिझेल पिणाऱ्या तीन-चार गोष्टी सांगतो.

ब्रेक धरून ठेवणं. एखाद्या चाकाचं ब्रेक पूर्ण सुटत नाही, गाडी चालते पण ओढत चालते. ओळखायला सोपं: तासभर सपाट रस्त्याला पळाल्यावर, ब्रेक फारसा न मारता गाडी थांबवा आणि प्रत्येक हबजवळ हात न्या. लावू नका, नुसता जवळ न्या. एकच हब बाकीच्यांपेक्षा भट्टीसारखा तापला असेल तर ते चाक जाम धरतंय. ड्रायव्हरला ही सवय लावली तर डिझेलही वाचतं आणि टायरला आग लागायची वेळही टळते.

हवा. रॉड मारून आवाजावरून हवा सांगणारे उस्ताद आहेत, त्यांना मान द्या आणि गेजने मोजा. मागच्या जोडटायरमधला आतला टायर कोणी बघत नाही, आणि नेमका तोच कमी असतो. मोजायचं सकाळी, टायर थंड असताना. अलाइनमेंटही तपासा: पुढचे टायर एका कडेने झिजत असतील तर गाडी स्वतःशीच भांडत चाललीय.

एअर फिल्टर. उसाच्या, खाणीच्या, मुरमाच्या लाइनला कंपनीने लिहिलेल्या किलोमीटरची वाट बघू नका. जुन्या गाडीच्या सायलेन्सरमधून काळा धूर दिसला तर आधी फिल्टर, मग टर्बोचे पाइप, मग नोझल.

ताडपत्री घट्ट बांधा. फडफडणारी ताडपत्री डिझेल खाते आणि पावसात मालही भिजवते.

पायरी ८: ड्रायव्हर

आता त्या "ड्रायव्हर खातो"कडे येऊ. आपल्याकडे ठोक डिझेलची पद्धत आहे: फेरीला इतके लिटर, उरलं ते तुझं. मालकाला डोक्याला ताप नाही, ड्रायव्हरला दोन पैसे. पण यातला धोका फार मोठा आहे. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रलला टाकतात, काही जण चावीही बंद करतात. चावी बंद म्हणजे पॉवर स्टिअरिंग गेलं, हवेचा काँप्रेसर थांबला, ब्रेकची हवा संपत चालली. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून पुण्यात नवले पुलावर उतरणाऱ्या रस्त्यावर किती गाड्या आदळल्या, वर्तमानपत्रात वाचलंच असेल. न्यूट्रल हे त्यामागचं कारण पोलिसांनी वारंवार सांगितलंय.

गंमत म्हणजे आजच्या इलेक्ट्रॉनिक पंपाच्या इंजिनात न्यूट्रलने वाचत काहीच नाही. गाडी गिअरमध्ये असून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजिन डिझेल घेणंच बंद करतं, चाकं इंजिनाला फिरवतात. न्यूट्रलमध्ये टाकलं की इंजिनाला चालू राहायला उलट डिझेल लागतं. हे ड्रायव्हरला एकदा डॅशबोर्डवर दाखवा. जिथे चालू ॲव्हरेज दिसतं तिथे उतारावर पाय काढताच आकडा कसा उडतो ते त्याने स्वतः बघितलं की भाषण द्यावं लागत नाही. मीटरच्या हिरव्या पट्ट्यात आरपीएम (इंजिनाचे फेरे) ठेवणं, लवकर वरचा गिअर, पुढे लाल सिग्नल दिसताच पाय काढणं, एवढं प्रशिक्षण बस्स. पेट्रोलियम कंझर्व्हेशन रिसर्च असोसिएशन चालकांसाठी वर्ग घेते, जवळपास असेल तर पाठवा.

ठोकपेक्षा मला वाटणीची पद्धत बरी वाटते. त्या गाडीच्या, त्या रस्त्याच्या पायापेक्षा महिन्याभरात जे डिझेल कमी लागलं त्याचे निम्मे पैसे ड्रायव्हरचे. महिना अशासाठी, की एका फेरीच्या बक्षिसासाठी कोणी जिवावर उदार होऊ नये. न्यूट्रल किंवा वेग जीपीएसवर दिसला तर त्या महिन्याचं बक्षीस रद्द, हे आधीच सांगून ठेवा. आणि पाया दर दोन महिन्यांनी खाली खेचू नका. तसं केलंत की ड्रायव्हरला कळतं, वाचवलं की आपलंच माप कडक होतंय, आणि तो वाचवणं सोडून देतो.

टाकीतला सेन्सर? पाच गाड्यांच्या आत असाल तर आधी वही, कुलूपवालं झाकण आणि गळ्यातली जाळी. सेन्सर घेतलाच तर इंजिन बंद असताना आलेली मोठी घट तेवढी बघा. चढ-उतारावर टाकीतलं डिझेल कलतं आणि आलेख उगाच नाचतो.

उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवलं तर तासाला लिटर-दीड लिटर सहज जातं. रांगेत, लोडिंगला ते बंद करायला सांगा. पण मे महिन्यात चंद्रपूरला रात्री एसी लावून झोपलेल्या ड्रायव्हरला त्या लिटरसाठी उठवू नका. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकना केबिनचा एसी सक्तीचा आहे, तेव्हा हा खर्च बजेटात धरूनच चाला. झोप न झालेला ड्रायव्हर फार महाग पडतो. कंपनीच्या गेटवर गाडी दहा तास उभी ठेवली जात असेल तर ते हॉल्टिंग (थांबवल्याचे पैसे) बिलात लावायचं काम ऑफिसचं.

पायरी ९: भाड्यातच डिझेलचं कलम घाला

मे २०२२ मध्ये केंद्राने डिझेलवरची एक्साइज सहा रुपयांनी कमी केली, जुलैमध्ये राज्याने व्हॅट कमी करून आणखी तीन रुपये उतरवले, आणि त्यानंतर मार्च २०२४ मधली दोन रुपयांची कपात येईपर्यंत दर जवळपास गोठलेले राहिले. त्या काळात धंद्यात आलेल्यांना वाटतं डिझेल असंच स्थिर असतं. २०२१ मध्ये वर्षभराच्या ठोक भाड्यात अडकलेल्यांना विचारा.

वार्षिक करार करताना तीन गोष्टी लिहून घ्या: कुठल्या शहराचा, कुठल्या तारखेचा दर पाया धरला, भाड्यात डिझेलचा वाटा किती टक्के, आणि किती फरक पडला की भाडं हलेल. उदाहरण: भाडं ४० हजार, पायाचा दर ९०, डिझेलचा वाटा ४५ टक्के. दर ९५ झाला. पाच रुपयांची वाढ म्हणजे ५.५६ टक्के, त्याचे ४५ टक्के म्हणजे अडीच टक्के. भाडं हजार रुपयांनी वाढून ४१ हजार. दर उतरला तर त्याच सूत्राने कमी, हेही लिहा, म्हणजे समोरचा सही करायला कचरत नाही. डिझेलचा वाटा किती हे मात्र तुमच्या वहीतून काढा, अंदाजाने नको. लांबच्या लाइनला तो जास्त असतो, शहरातल्या फेऱ्यांना कमी.

कंपनी कलमाला तयारच नसेल तर वर्षाऐवजी तीन महिन्यांचं भाडं ठरवा. तेही नको म्हणत असतील तर भाड्यात जादा टक्के धरून दर द्या आणि हिशोबाचा कागद समोर ठेवा. त्यावर "समोरचा यापेक्षा कमी घेतो" असं ऐकायला मिळेल. घेत असेल, त्याच्याकडे वही आहे का ते आपल्याला माहीत नाही. तुमची वही सांगत असेल की या भावात डिझेलही सुटत नाही, तर नमस्कार करून उठा आणि दुसऱ्या गेटवर जा.